पाच दिवसांची शी आणि साडेतीन लाखांचं पॅकेज

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तीन-चार शब्द बोलतो, तेही स्वतःशीच. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. खाणं म्हणाल तर सगळं पांढरं: दूध, साधा भात आणि मारी बिस्किट. दिवसाला दीड लिटर दूध बाटलीने जातं. शी चार-पाच दिवसांनी होते, खड्यासारखी, मध्येच चड्डीत पातळ डाग.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून एका सेंटरची माहिती मिळाली. व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले की ऑटिझमचं मूळ आतड्यात असतं, चांगले बॅक्टेरिया मेलेत, म्हणून मेंदूला विषारी सिग्नल जातात. आधी बावीस हजारांची शीची तपासणी. मग तीन महिने गहू आणि दूध बंद, त्यांची प्रोबायोटिक पावडर. मग एफएमटी, म्हणजे निरोगी माणसाच्या शीतले जीवाणू मुलाच्या आतड्यात सोडायचे. सगळं मिळून साडेतीन लाख. 'पाच वर्षांच्या आत केलं तरच उपयोग' असंही म्हणाले. अकरा हजार भरून नाव नोंदवलं आहे. मिस्टर पीएफ काढायला निघालेत. सासरे निफाडला असतात, द्राक्षांचे पैसे आले की देतो म्हणतात. सासूबाई म्हणतात एरंडेल दे. आणि हेही म्हणतात की बाळंतपणात इतक्या गोळ्या खाल्ल्यास म्हणून हे झालं. सिझरनंतर मला अँटिबायोटिक्स दिली होती, हे खरं आहे. काय करू?

एक आई, सिडको, नाशिक

उत्तर:

ताई,

एफएमटी करू नका. पीएफला हात लावू नका, आणि मामंजींचे द्राक्षांचे पैसे त्यांच्याकडेच राहू द्या. व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडेपर्यंत बागाईतदाराचा जीव कसा टांगणीला असतो, ते निफाडच्या सुनेला मी काय सांगणार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. शी चार-पाच दिवसांनी, खड्यासारखी, मध्येच चड्डीत पातळ डाग. सेंटरवाल्यांनी ही ओळ ऐकली आणि थेट जीवाणूंवर उडी मारली. त्या लेकराचं पोट हाताने चाचपून कुणी पाहिलं का? व्हिडिओ कॉलवर ते होत नाही.

शी लागली की तो काय करतो, जरा आठवून बघा. माझ्या अंदाजाने पडद्यामागे नाहीतर सोफ्याच्या कोपऱ्यात जातो. टाचा उचलून चवड्यांवर उभा राहतो, पाय एकमेकांवर घट्ट आवळतो, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. घरचे म्हणतात, बिचारा किती जोर करतोय. तो जोर करत नसतो हो. धरून ठेवत असतो. कधीतरी एकदा कडक शी होताना दुखलेलं असतं, एखादी चीर पडलेली असते. तेव्हापासून त्याने ठरवलेलं असतं, पुन्हा नको. धरून ठेवली की आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, शी आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. असं महिनोन्‌महिने चाललं की शेवटचा भाग ताणून मोठा होतो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होत जाते. मग त्या खड्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपते. चड्डीतले डाग ते हेच. कितीतरी आया याला जुलाब समजून शी घट्ट करायचं औषध मागायला माझ्याकडे आलेल्या आहेत.

ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये बद्धकोष्ठता जास्त दिसते, हे खरं. मोजकंच खाणं, फ्लशच्या आवाजाची भीती, पायाखाली थंडगार फरशी, शरीरातून येणारी सूचना उशिरा कळणं, अशी त्याची साधी कारणं असतात.

तेव्हा या आठवड्यातच मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि पोट तपासून घ्या. ते बहुधा पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर देतील, नाहीतर लॅक्टुलोजचं सिरप. पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणून शी मऊ राहते. रक्तात ती जवळजवळ जातच नाही. आधी काही दिवस मोठ्या डोसने साचलेलं सगळं बाहेर काढायचं आणि मग रोज एक मऊ शी होईल इतकाच डोस, कित्येक महिने. लोक चुकतात ते इथे. आठ दिवस नीट झालं की सवय लागेल म्हणून औषध बंद करतात आणि पंधराव्या दिवशी पुन्हा तोच खडा. ताणलेलं आतडं मूळपदावर यायला महिने लागतात. डोस मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा, मी पत्रातून सांगणार नाही. एरंडेल नको. त्याने पोटात कळ येते, आणि दुखतं म्हणून शी धरणाऱ्या मुलाला आणखी एक कळ कशाला? पोट फुगलं, हिरवट उलटी झाली, शीतून बरंच रक्त गेलं, तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांनंतर झाली असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता या पोटाचा आणि पॅकेजचा संबंध बघा. न बोलणाऱ्या मुलाचं पोट दुखतं तेव्हा ते तसं सांगत नाही. सोफ्याच्या हातावर पोट टेकवून लोंबकळतं, स्वतःचं मनगट चावतं, रात्री दोनला उठून रडतं, थेरपीत बसत नाही. पोट मोकळं झालं की झोप लागते, चावणं कमी होतं, हाक मारली की वळून बघतं. घरचे म्हणतात, ऑटिझम कमी झाला. खरं तर दुखणं थांबलेलं असतं. ही काही लहान गोष्ट नाही, पण तिला साडेतीन लाख लागत नाहीत. आणि नेमकी हीच सुधारणा व्हिडिओत दाखवून पुढचं गिऱ्हाईक गाठलं जातं.

मी दवाखाना चालवत होते तेव्हा सिक्रेटिनची लाट आली होती. सिक्रेटिन हे पचनाचं एक हार्मोन. १९९८ साली अमेरिकेत तीन मुलांना पोटाच्या तपासणीसाठी ते टोचलं आणि मुलं बोलायला लागली, नजरेला नजर द्यायला लागली, असा अहवाल छापून आला. आईबाप धावत सुटले. माझ्याकडेसुद्धा एक वडील ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले होते. पुढच्याच वर्षी ६० मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. काही मुलांना सिक्रेटिन दिलं होतं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे आईवडिलांना माहीत नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. दोन्ही गटांतली मुलं सुधारलेली दिसली आणि सारखीच सुधारलेली दिसली. मिठाच्या पाण्यानेसुद्धा! त्यानंतर १६ अभ्यासांत मिळून ९०० हून जास्त मुलं तपासून झाली, निष्कर्ष बदलला नाही. मला त्या पहिल्या चाचणीतला एक आकडा विसरता येत नाही. निकाल सांगून झाल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजून सिक्रेटिन हवंसं वाटतं. मी त्यांना हसत नाही. माझं मूल असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं.

त्याच १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरचा तो कुप्रसिद्ध लेख आला होता. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आतड्याचा दाह आणि ऑटिझम यांची गाठ बांधणारा. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. लोकांच्या लक्षात लस राहिली, आतडं विसरलं. म्हणून दर काही वर्षांनी ते नव्या वेष्टनात परत येतं.

सेंटरने तुम्हाला बहुधा अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा एफएमटीवरचा अभ्यास दाखवला असेल. तो खोटा नाही, तिथले संशोधक प्रामाणिक आहेत. २०१७ मध्ये त्यांनी १८ मुलांचे निकाल प्रसिद्ध केले. दोन आठवडे व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक, मग पोट साफ, मग सात-आठ आठवडे निरोगी दात्याच्या शीतले शुद्ध केलेले जीवाणू. पोटाच्या तक्रारी सुमारे ८० टक्क्यांनी उतरल्या, ऑटिझमची लक्षणंही कमी झाली, आणि दोन वर्षांनी तपासलं तेव्हा ती सुरुवातीच्या जवळपास निम्म्यावर आली होती. ऐकायला फार छान वाटतं. पण आता मिठाचं पाणी आठवा. इथे मिठाच्या पाण्याचा गटच नव्हता. काय दिलं जातंय हे प्रत्येक आईबापाला ठाऊक होतं. दोन वर्षांत मुलं वाढली, शाळेत गेली, थेरपी झाली, त्याचं काय? मुळात ती मुलं ७ ते १६ वर्षांची होती आणि सगळ्यांनाच पोटाचा जुना त्रास होता. तुमच्या लेकाच्या वयाचं त्यात एकही नव्हतं. मग 'पाच वर्षांच्या आत केलं तरच' हे वाक्य आलं कुठून? ते वाक्य घाबरलेल्या आईबापाला विचार करायला सवड मिळू नये म्हणून असतं, दुसरं काही नाही.

एफएमटीत जोखीमही आहे. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला होता. दात्याच्या शीतून, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन मोठ्या माणसांच्या अंगात औषधांना दाद न देणारा ई. कोलाय हा जंतू शिरला आणि त्या दोघांतला एक दगावला. दात्याची त्या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती. नंतर २०२२ आणि २०२३ मध्ये एफडीएने अशा दोन उत्पादनांना मान्यता दिली, ती एका विशिष्ट जंतूचा जुलाब पुन्हापुन्हा होणाऱ्या, १८ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. ऑटिझमसाठी नाही, लहान मुलांसाठी तर नाहीच. तुमच्या सेंटरचा दाता कोण, त्याची तपासणी कुणी केली, कुठल्या लॅबमध्ये? लेखी विचारा. आणि ते 'ही ट्रायल आहे' म्हणाले तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणी या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते आणि ती नेटवर कुणालाही फुकट बघता येते. खऱ्या चाचणीत उपचाराचे पैसे मुलाच्या आईबापाकडून घेत नाहीत. साडेतीन लाख मागणारी ट्रायल ही ट्रायल नव्हे.

'विषारी सिग्नल'बद्दल फार लिहीत नाही. असे लोक हमखास सांगतात की शरीरातलं ९० टक्के सिरोटोनिन आतड्यात तयार होतं. होतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं सिरोटोनिन आपणच तयार करतो. हे पुढचं वाक्य ब्रोशरमध्ये नसतं.

बावीस हजारांच्या तपासणीसाठी मामंजींना मध्ये घेते. ते बागेचं देठ परीक्षण करून घेत असतीलच. त्या रिपोर्टात नत्र किती, पालाश किती, आणि शेजारी 'इतकं असायला हवं' हा आकडा असतो. तो वर्षानुवर्षांच्या कामातून ठरलेला आहे, म्हणून त्यावरून खताचा निर्णय घेता येतो. शीतल्या जीवाणूंच्या रिपोर्टात रंगीत तक्ते खूप असतात, पण पावणेचार वर्षांच्या मुलाच्या पोटात कोणता जीवाणू किती असायला हवा, असं सर्वमान्य प्रमाण ठरलेलं नाही. त्यावरून ऑटिझमचा उपचार तर ठरवता येतच नाही.

शिवाय कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या शीचे नमुने तपासले, त्यातली ९९ ऑटिझम असलेली. २०२१ मध्ये तो अभ्यास आला. जीवाणूंचा ऑटिझमशी थेट संबंध फारसा सापडलाच नाही. सापडलं ते असं: ऑटिझम असलेली मुलं मोजकंच खातात, मोजकं खाल्लं की जीवाणूंची विविधता घटते आणि शीचा पोतही बदलतो. दूध-भात-मारीवर जगणाऱ्या पोराच्या पोटात दूध-भात-मारीवर जगणारेच जीवाणू असणार की. तुमच्या घरात याचा पुरावा रोज ताटात दिसतो. ते बदलायचं सोडून दुसऱ्याच्या पोटातले जीवाणू आणून घालायचे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पण बदलायचं म्हणून गहू आणि दूध एका दिवसात बंद करू नका. त्याच्या ताटात तीनच पदार्थ आहेत, त्यातले दोन काढले तर उरतो भात. अशी मुलं उपाशी राहतील पण नवीन खाणार नाहीत. 'भूक लागली की खाईल' हा नियम त्यांना लागू होत नाही. गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो असं चांगल्या चाचण्यांत दिसलेलं नाही. गव्हाची खरी ॲलर्जी किंवा सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) असल्याची शंका डॉक्टरांना आली तर आधी रक्ततपासणी, मग गहू बंद. आधीच बंद केला तर तपासणी चुकीची येते.

दूध मात्र कमी करा, हळूहळू. दीड लिटर दुधाने पोट भरतं, भूक मरते, शी घट्ट होते आणि लोह कमी पडतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या, मला भीती आहे की कमी येईल. दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या लिटरवर या. खाण्यात एका वेळी एकच बदल, तोही त्याला ओळखीच्या वस्तूच्या शेजारचा. आधी मारीऐवजी दुसऱ्या आकाराचं तसंच बिस्किट. ते पचनी पडलं की नागलीचं बिस्किट. भात थोडा मऊ, मग त्यात चमचाभर पातळ वरणाचं पाणी, रंग कळणार नाही इतकंच. पेठ-सुरगाण्याकडची नागली बाजारात मिळतेच, पण लगेच भाकरी पुढ्यात ठेवू नका, बघून ताट फेकेल. नवीन पदार्थ नुसता ताटात ठेवला आणि त्याने तो उचलून बाजूला टाकला तरी त्या दिवशीचं काम झालं. तोंडात कोंबायचं नाही. माझ्याकडचा एक मुलगा बिस्किटाच्या पुड्याचं चित्र बदललं म्हणून चार दिवस ते बिस्किट खात नव्हता, तेव्हा घाई नको.

प्रोबायोटिक पावडरीचं विचाराल तर इटलीत पिसाला ८५ लहान मुलांना सहा महिने देऊन पाहिली, अर्ध्यांना खोटी पावडर. ऑटिझमच्या मोजमापात दोन्ही गटांत एकंदर फरक पडला नाही. ज्यांना पोटाचा त्रास होता त्यांच्या काही तक्रारी कमी झाल्या. म्हणजे पोटासाठी डॉक्टरांनी महिनाभर दिली तर ठीक आहे, पण बोलण्यासाठी नको. घरचं दही तो खायला लागला तर उत्तमच, पांढरं आहेच ते.

पैशांचं. सिव्हिलला जा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, थेरपी आणि तपासणीची विचारणा करा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. प्रमाणपत्र म्हणजे पोरावर शिक्का, असं सासूबाई म्हणतील, म्हणू द्या. ते असलं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात नाव घालता येतं. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, ओपीडी आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. आणि थेरपिस्टकडे आठवड्यातून दोन तास बसण्यापेक्षा तुम्ही स्वतः शिकणं जास्त मोलाचं आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिथे डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट नव्हते, साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाबरोबर खेळायची रीत शिकवली, सहा महिन्यांत बारा सत्रं. मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. तुमच्या स्पीच थेरपिस्टला सांगा, दर खेपेला शेवटची पंधरा मिनिटं मला शिकवा. खळखळ करतील, पण हट्ट धरा.

अकरा हजार परत मागा, व्हॉट्सॲपवर लेखी. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी घाईत लिहिलात, पण तुम्हाला झोपू देत नसेल तो हाच. पाच देशांतल्या २० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये निघालेला अंदाज असा आहे की ऑटिझम कुणाला होतो यातला सुमारे ८० टक्के फरक जनुकांनी ठरतो. सिझरनंतरची अँटिबायोटिक्स टाक्यात पू होऊ नये म्हणून देतात. मी स्वतः घेतली आहेत, दोन्ही वेळा. मुलगा ऑटिस्टिक आहे तो तुम्ही काही खाल्लंत किंवा खाल्लं नाहीत म्हणून नाही, हे सासूबाईंना मी सांगितलं असं सांगा. वाटल्यास हा कागद त्यांच्या हातात द्या.

आणि त्यांना एरंडेलाऐवजी एक काम द्या. भांडी बाजारातून प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणा. कमोडवर बसल्यावर त्याचे पाय लोंबकळत राहिले तर जोर लागत नाही. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत, म्हणून पायाखाली स्टूल. लहान मुलांची सीट वर बसवा, नाहीतर आत पडायची भीती वाटते. सकाळी खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आतडं आपोआप हलतं. तेव्हा आजीने त्याला नेऊन पाच मिनिटं बसवायचं आणि दारात बसून जे काही बडबडगीत येत असेल ते म्हणायचं. फ्लश तो बाहेर आल्यावर. आधी आठ दिवस कपडे घालून नुसता बसला तरी चालेल. शी झाली की कॅलेंडरवर टिंब, नाही झाली की फुली. महिन्याभराने ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टिंबं किती झाली ते मला कळवा.